पाकीटमारांचा वर्ग

शाळेची घंटा वाजायला लागली की ते बोलता बोलता थांबत. वाक्याच्या अगदी मध्यावरसुद्धा. खडू फळ्यापासून दोन बोटं लांब धरून, मान जराशी झुकवून, घरात कुणी वडीलधारं बोलत असताना उभं राहावं तसे उभे राहत. शिपायाने पितळी टोलावर मारलेला शेवटचा ठोका विरून गेला की म्हणत, “हाँ, घंटी ने अपनी बात पूरी कर ली. अब मैं भी कर लूँ?” आणि अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करूनच वर्गाबाहेर पडत. पुढच्या तासाच्या बाई वह्यांचा गठ्ठा सांभाळत दाराशी खोळंबलेल्या असत. त्यांना अदबीने हात कपाळाशी नेऊन म्हणत, “आज कितनी नाराज़ हैं, पहले यह बता दीजिए.”

सगळी शाळा त्यांना मास्साब म्हणायची, म्हणजे मास्टरसाहेब. मीही तेच म्हणत आलो. हिंदी शिकवायचे. राहायला लखनौच्या जुन्या शहरात, आणि तिथून आमच्या जानकीपुरमपर्यंत फिकट निळ्या स्कूटरवरून यायचे. चौक आला की थांबत. समोरून सायकल येवो, टेम्पो येवो, नाहीतर म्हैस, हात पुढे करून तिला वाट देत. मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण होत. शाळेच्या व्हॅनमधली पोरं खिडकीतून बघत आणि आज मास्साब प्रार्थनेला पोहोचणार की नाही यावर पैजा लावत.

पाचवीच्या पोरांनाही ते ‘आप’ म्हणायचे. रागावले तरी. “आप निहायत नालायक हैं. ज़रा बाहर तशरीफ़ ले जाइए.” मूल बाहेर जायचं, पण जाताना त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटत असावं, कारण परत येताना ते छाती काढून यायचं.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम बडीशेप असे, कागदाच्या पुड्यांत बांधलेली. हे कागद म्हणजे पालकांनी दिलेले अर्ज. माझ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवा, माझ्या मुलीला उन्हात उभं करू नका, असे. ते अर्ज नीट वाचत, दोनदा वाचत, आणि मग अर्जदाराच्या देखत त्याची पुडी वळत.

माझ्या अर्जाचीही वळली.

मी मूळचा कराडचा. औषधांवर संशोधन करणाऱ्या एका सरकारी संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून लखनौला आलो आणि इथलाच झालो. ही गोष्ट दोन हजारनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली, माझा मुलगा केदार पाचवीत होता तेव्हाची. केदार बोलताना अडखळायचा. चार वर्षांचा असल्यापासून. ‘क’, ‘प’, ‘ब’ यांसारखी अक्षरं त्याच्या ओठांपाशी येऊन थबकत, डोळे मिटले जात, मान एका बाजूला ओढली जाई. स्वतःचं नाव सांगणं त्याला सगळ्यांत अवघड. चौथीपर्यंत त्याने निभावलं. पाचवीत वर्गात एक शिवम नावाचा मुलगा आला. नकला करण्यात तो पटाईत होता. प्रिन्सिपल मॅडमचं चालणं, शिपायाचं खोकणं, व्हॅनवाल्या भैयाचं तंबाखू थुंकणं, सगळं हुबेहूब. केदारचं बोलणं त्याला आयतंच सापडलं. व्हॅन सुटताना अर्धा वर्ग “क-क-क-केदार” असं गाण्यासारखं म्हणत असे.

दिवाळीपर्यंत केदारने शाळेत बोलणं सोडून दिलं. हजेरीला नुसता हात वर. प्रश्न विचारला तर मान खाली. त्याला येत नाही असं मानून शिक्षक पुढच्या मुलाकडे जात. आणि मला वाटलं, हेच बरं. म्हणून मी अर्ज लिहिला: माझ्या मुलाला वर्गात तोंडी काही विचारू नये, उभं करून धडा वाचायला लावू नये, ही विनंती.

अर्ज घेऊन मी केदारच्या वर्गाबाहेर उभा राहिलो. आत मास्साबांचा तास चालू होता. एक चुणचुणीत मुलगी उभी होती, आणि मास्साब तिला शिक्षा करत होते असं कळलं, पण शिक्षा अजब होती.

“हाँ, तो बताइए, गर्मी की छुट्टी में आप कहाँ गई थीं?”

“मास्साब, मैं अपनी नानी के—”

“—पेड़ पर चढ़ गई थीं.”

“नहीं मास्साब! नानी के घर. वहाँ हमने—”

“—भैंस को पढ़ाया.”

“मास्साब, सुनिए तो! हमने वहाँ आम—”

“—बेचे. ठेला लगाकर. बहुत अच्छे.”

वर्ग हसून लोटपोट. मुलगीही आधी हसली, मग तिचा चेहरा लाल झाला, मग डोळ्यांत पाणी आलं. “आप मुझे बोलने ही नहीं दे रहे!” ती ओरडली.

मास्साब लगेच थांबले. खाली वाकून अगदी हळू म्हणाले, “कैसा लगा?”

“बहुत गुस्सा आया.”

“बस. तशरीफ़ रखिए. जुर्माना हो गया.”

मागाहून समजलं ते असं. त्यांच्या वर्गात एकच गुन्हा होता. दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, शब्द सुचवायचा नाही, ‘जल्दी बोल’ म्हणायचं नाही. असं करणाऱ्याला ते जेबकतरा म्हणत, म्हणजे पाकीटमार. “किसी के मुँह से लफ़्ज़ निकाल लेना और जेब से बटुआ निकाल लेना, मियाँ, एक ही हुनर है.” आणि दंड हा, की पाकीटमाराने उभं राहून बोलायचं आणि मास्साबांनी त्याचं प्रत्येक वाक्य चुकीचं पुरं करायचं. हा नियम एकट्या केदारसाठी नव्हता, सगळ्यांसाठी होता. पण तो केदारमुळे आला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

तास संपल्यावर त्यांनी माझा अर्ज वाचला. दोनदा. मग केदारला जवळ बोलावून विचारलं, “आपके वालिद साहब क्या काम करते हैं?”

केदारचे ओठ जुळले. मान कलली. मी म्हणालो, “मैं साइंटिस्ट हूँ. दवाओं पर रिसर्च—”

मास्साबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, एखाद्या कारागिराने दुसऱ्या कारागिराकडे पाहावं तसं. “भाईसाहब,” ते म्हणाले, “हम यहाँ बच्चों को पकड़ रहे हैं. उस्ताद तो आप निकले.” आणि माझ्या अर्जात बडीशेप ओतून पुडी वळली.

मला राग आला. खरं सांगायचं तर पुढे कितीतरी दिवस तो गेला नाही. कारण मी केदारची वाक्यं पुरी करत आलो होतो ते मायेने. त्याला त्रास नको म्हणून. तो ‘प’वर अडला की मी पाणी आणून द्यायचो. आता आठवून पाहतो तर कित्येकदा त्याला पाणी नको असायचं, पेन्सिल हवी असायची. पण तो दिलेलं पाणी मुकाट्याने पिऊन टाकायचा.

काही दिवसांनी एका रविवारी मास्साब न सांगता आमच्या घरी आले. हेल्मेट काखेत, आणि हातात गजक, तिळाच्या वड्यांचा पुडा. दार माझ्या आईने उघडलं. आई तेव्हा आमच्याकडेच असायची, कराडचं घर बंद करून आली होती.

“बैठो, बैठो,” आई म्हणाली. “चहा पिता ना? साखर कमती डालू क्या?”

मास्साबांचा चेहरा उजळला. “अम्मा, जितनी मर्ज़ी डालिए.”

मग मी बाहेर आलो, बायको आली, आणि आम्ही सगळे त्या वेळी घरात जसं बोलायचो तसं बोलू लागलो. बायको केदारला म्हणाली, “बेटा, जूता जागे पर रखो.” मी म्हणालो, “और आजी को तकलीफ मत दो, वो दमी हुई है.” आई पदर तोंडाला लावून आत गेली.

मास्साब कप हातात धरून ऐकत होते. शेवटी त्यांनी अगदी नम्रपणे विचारलं, “माफ़ कीजिएगा, यह आप लोग आपस में कौन सी ज़बान बोलते हैं?”

मला सांगावंच लागलं. संस्थेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला सांगितलं होतं की घरात एक आणि बाहेर एक अशा दोन भाषा कानावर पडल्या की मुलाच्या डोक्यात गुंता होतो आणि जीभ अडते. ते स्वतः रसायनशास्त्रातले, पण मला तेव्हा कुणीही काहीही सांगितलं तर पटत होतं. म्हणून जवळजवळ वर्षापूर्वी मी घरात मराठी बंद केली होती. केदारशी कुणीही मराठीत बोलायचं नाही. आम्ही दोघं आमच्या मोडक्या हिंदीत बोलायचो. आईला चहा-साखरेपलीकडे हिंदी येत नव्हती. “मंग मी मुकीच झाले म्हणायची,” असं ती पहिल्या दिवशी म्हणाली, आणि तेव्हापासून ती आणि केदार एकमेकांशी जवळजवळ बोललीच नव्हती. संध्याकाळी ती त्याचा हात हातात घेऊन बसायची, एवढंच. मी शास्त्रज्ञ माणूस. प्रयोग फसतोय हे दिसत असूनही चालू ठेवला होता.

“इससे अटकना कम हुआ?” मास्साबांनी विचारलं.

“जी नहीं.”

“बोलना कम हुआ?”

मी आई गेली त्या आतल्या दाराकडे पाहिलं.

“भाईसाहब,” ते कप खाली ठेवत म्हणाले, “आपने बीमारी को छोड़कर दादी को बंद कर दिया.” मग त्यांनी आत हाक मारली, “अम्मा! ज़रा बाहर आइए और अपने पोते को अपनी ज़बान में डाँटिए. मुझे सुनना है.”

आईला कसं कळलं कोण जाणे, पण कळलं. ती बाहेर आली, केदारसमोर उभी राहिली आणि वर्षभर साठलेलं एकदम बाहेर पडलं. “आरं गधड्या, अंघोळ केल्यावर केस पुसत न्हाईस, खोबरेल लावून घेत न्हाईस, डोस्क्याचं पाखराचं घरटं करून ठेवलंस, आणि मला मेलीला हिंदीत ओरडाय येत न्हाई म्हणून माजलायस व्हय रं?” केदार आधी घाबरून माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. मग तो हसायला लागला. मास्साबांना एक अक्षर कळलं नसावं, पण त्या ओघावर खूश होऊन, गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, “वाह! क्या रवानी है!”

त्या दिवसापासून घरात मराठी परत आली. केदार आईशी थोडं थोडं बोलू लागला. अडखळतच, पण बोलू लागला. शाळेत मात्र अजून नुसता हात वर.

शाळेतलं काम मास्साबांनी शिवमपासून सुरू केलं. मला वाटलं होतं ते त्याला मारतील, किंवा माफी मागायला लावतील. त्यांनी आधी केदारला मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन विचारलं की मी जे करणार आहे त्याला तुमची परवानगी आहे का. नको असेल तर हा विषय इथेच संपला. केदारने बराच विचार करून होकाराची मान हलवली. मग त्यांनी शिवमला वर्गासमोर केदारची नक्कल करायला सांगितली. शिवम बिचकला, मग केली. कुणी हसलं नाही, कारण मास्साब फार गंभीरपणे पाहत होते.

“जनाब, यह लखनऊ है,” ते म्हणाले. “यहाँ नक़्क़ाल पीढ़ियों से हुए हैं, और नक़ल में कच्चापन यहाँ माफ़ नहीं होता. आपकी नक़ल कच्ची है. आपने सिर्फ़ आवाज़ सुनी है. अंदर क्या होता है, पता है? नहीं? तो उस्ताद के पास बैठिए और सीखिए.”

उस्ताद म्हणजे केदार. आठवडाभर मधल्या सुट्टीत शिवम त्याच्याजवळ बसला. पहिले दोन दिवस दोघं नुसता डबा खात बसले. मग शिवमनेच विचारलं, “जीभ अटकती है क्या?” केदार नाही म्हणाला. त्याने गळ्याला हात लावून दाखवला. मग छातीला. मग पुष्कळ वेळ घेऊन सांगितलं की शब्द माहीत असतो, तोंडात तयारच असतो, पण हवा बाहेर येत नाही, दार आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. आणि समोरचा हसला की ते दार आणखी घट्ट होतं. शिवमने करून पाहिलं. केदार म्हणाला, “ग-ग-ग़लत.” शिवमने परत केलं. परत गलत. हळूहळू आजूबाजूला सगळा वर्ग जमू लागला आणि शिवमची परीक्षा पाहू लागला. हे मला केदारने नाही, शिवमनेच पुढे सांगितलं. “अंकल, उसने मुझे चार दिन फेल किया,” तो म्हणाला. तक्रार करत होता, पण तोंडावर अभिमान होता.

फार वर्षांनी, केदार इंजिनियरिंगला गेला तेव्हा, मी पेढे घेऊन मास्साबांच्या घरी गेलो होतो. तोवर ते निवृत्त झाले होते. गच्चीवर पतंगाच्या मांज्याची फिरकी दुरुस्त करत बसले होते. मी त्यांना मनात कधीचा असलेला प्रश्न विचारला, “मास्साब, आप भी बचपन में अटकते थे क्या?”

ते हसले. “जी नहीं. मैं तो नक़ल उतारनेवालों में था.” थोडं थांबून म्हणाले, “हमारे दर्जे में एक लड़का था. फिर एक दिन नहीं था. घरवालों ने स्कूल से उठा लिया. मुझे तो इतना भी नहीं पता कि वह कहना क्या चाहता था.” आणि परत मांजा गुंडाळू लागले.

त्या दिवशी मला मोठा धीर आला. का ते मी इतरांना नीट समजावू शकणार नाही.

पण मी गोष्टीच्या पुढे गेलो. पाचवीतली खरी अडचण अजून यायची होती, आणि ती आणली मास्साबांच्या गृहपाठाने. शिवम पास झाल्यावर त्यांनी सगळ्या वर्गाला काम दिलं: संध्याकाळी ओळख नसलेल्या दुकानात जायचं, एखादी वस्तू अडखळत मागायची, आणि दुकानदाराने काय केलं ते उद्या येऊन सांगायचं. पालकांना करायचं असेल तर त्यांनाही मुभा. हे शेवटचं वाक्य माझ्यासाठी आहे हे मला कळलं.

मी भाजीच्या गाडीवर गेलो. आमच्या गल्लीत नको म्हणून पलीकडच्या सेक्टरमध्ये. “भैया, म-म-म-मटर,” असं म्हणायचं होतं. पहिल्या ‘म’ला माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. शेजारच्या बाईने पटकन नजर वळवली. भाजीवाल्याने मला मुळा दिला. मी मुळा घेऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी तोच भाजीवाला आमच्या दारात. मला ओळख नसली तरी त्याला होती! बायकोला हळूच म्हणाला, “भाभीजी, बाबूजी को कल लकवा तो नहीं मार गया?” बायको हसून हसून खाली बसली. मी मात्र त्या मुळ्याचाच विचार करत होतो. केदारने आजवर असे किती मुळे निमूटपणे घरी आणले असतील.

वर्गात दुसऱ्या दिवशी पोरांनी काय काय सांगितलं! एका दुकानदाराने वाक्य संपायच्या आत मोबाईल कानाला लावला. एकीला चॉकलेटऐवजी मेणबत्ती मिळाली. एकाला “पहले बोलना सीख के आओ” ऐकावं लागलं. शिवम औषधांच्या दुकानात गेला होता, पट्टी मागायला. काउंटरवरच्या पोराने गिऱ्हाइकांसमोर त्याचीच नक्कल केली आणि सगळे हसले.

“कैसी उतारी उसने?” मास्साबांनी विचारलं.

“ग़लत उतारी,” शिवम म्हणाला आणि रडू लागला.

पण पोरांना हा खेळ आवडला, आणि काही जण घरीही अडखळून बोलू लागले. आठवड्याभरात प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत आठ-दहा पालक जमले. मलाही बोलावणं आलं. मास्साब कोपऱ्यात उभे होते.

“हमारा बेटा अच्छा-भला बोलता था,” एक बाई म्हणाल्या. “अब हकला रहा है. छूत लग गई है.”

“मोहतरमा, हँसी की छूत लगती है,” मास्साब म्हणाले. “हकलाने की नहीं. यह होमवर्क है, चार दिन में उतर जाएगा.”

“देखिए, हमें उस बच्चे से कोई दुश्मनी नहीं,” सफारी घातलेले एक गृहस्थ म्हणाले. “पर उसे दूसरे सेक्शन में डाल दीजिए. बाकी बच्चों का भी तो भविष्य है.”

‘उस बच्चे’चा बाप शेजारच्या खुर्चीवर बसला होता, हे त्यांना माहीत नव्हतं. मॅडम माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. आणि मला त्या क्षणी फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. केदारला घेऊन, कायमचं. मी उठलो. सगळे माझ्याकडे वळले.

“मैडम,” मी म्हणालो, “मैं अपने बेटे का नाम इस—”

“—इसी सेक्शन में रखना चाहता हूँ,” कोपऱ्यातून आवाज आला. “यही कह रहे हैं ये.”

मी वळून पाहिलं. घंटेलासुद्धा आपलं बोलणं पुरं करू देणाऱ्या त्या माणसाने माझं वाक्य चोरलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. जन्मभराचा नियम मोडल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते, आणि मी आता काय म्हणतो याची वाट पाहत होते.

“जी,” मी म्हणालो. “यही.”

आणि खाली बसलो. मग मागून एक बाई बोलल्या, “हमारा शिवम घर में सबकी नक़ल उतारता था. अपने दादाजी की भी. अब पहले पूछता है, उतारूँ? दादाजी मना कर दें तो नहीं उतारता. हमें तो इस होमवर्क से कोई शिकायत नहीं है.” दोन-तीन जण हसले. मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि म्हणाल्या, सध्या आहे तसंच चालू दे. दुकानांचं काम मात्र आता पुरे.

बाहेर पडताना मास्साब स्कूटरपाशी उभे होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, “भाईसाहब, मुझसे जुर्म हो गया है. कल भरूँगा.” मला अर्थ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मला सुट्टी होती, शाळेला नव्हती. दुपारी आई व्हरांड्यात ऊन खात बसली होती, बायको दूध तापत ठेवून तिच्याशेजारी येऊन बसली होती. व्हॅन थांबली आणि फाटकाशी कलकलाट ऐकू आला. केदार उतरला, आणि त्याच्या मागून शिवमही, ज्याचा स्टॉप पुढच्या सेक्टरला होता. दोघं भांडत होते.

“मैं बताऊँगा! तू शाम तक बताता रहेगा.”

“म-म-मेरी दादी है! त-त-तू कौन होता है, ब-ब-ब—”

शिवम कमरेवर हात ठेवून उभा राहिला. व्हॅनवाल्याने हॉर्न वाजवला, तरी हलला नाही. शिवी आपल्यालाच मिळणार होती, पण ती पूर्ण मिळेपर्यंत तो थांबला.

“—ब-बंदर!”

“तू लंगूर,” शिवम म्हणाला. “चल, अब बता.”

केदार धावत व्हरांड्यात आला आणि आईसमोर उभा राहिला. दप्तर पाठीवरच. आणि मराठीत सांगू लागला. मास्साबांनी आज वर्गात येऊन जाहीर केलं होतं की काल त्यांनी एका मोठ्या माणसाचं वाक्य चोरलं. कारण काहीही असो, चोरी ती चोरी. म्हणून आज दंड त्यांना. ते टेबलासमोर उभे राहिले, हात मागे बांधून, आणि म्हणाले, मी बोलतो, तुम्ही पुरं करा. मग ते म्हणाले, “कल मैं प्रिंसिपल साहिबा के कमरे में—” तर पोरं ओरडली, “मुर्गा बने!” मग म्हणाले, “फिर मैं अपनी स्कूटर पर—” तर “भैंस को बिठाया!” मग म्हणाले, “घर पहुँचकर मैंने—”

“मग काय झालं रं?” आईने विचारलं.

मग, केदार म्हणाला, कुणाला काही सुचेना. आणि त्याने स्वतः हात वर केला. हजेरीचा नव्हे, बोलण्याचा. मास्साब थांबले. केदारला ‘क’पाशी अडलं. कुणी हललं नाही. शिवमने शेजारच्याच्या तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात घंटा झाली. मास्साबांनी या वेळी घंटेकडे लक्षही दिलं नाही. ते आपल्या चोराची वाट पाहत उभे होते. पुढच्या तासाच्या बाई दाराशी आल्या, त्याही उभ्या राहिल्या.

“आणि मी म-म-म्हणालो,” केदार म्हणाला, आणि इथे आमच्या व्हरांड्यातही तो त्याच ‘क’पाशी येऊन थांबला. डोळे मिटले. मान कलली. कोणता शब्द ते ठाऊक नसतानाही माझ्या जिभेच्या टोकावर एक आयता येऊन बसला होता. मी दात घट्ट आवळून धरले. फाटकाशी शिवम उभा, त्याच्या मागे हॉर्न विसरलेला व्हॅनवाला. आतून करपलेल्या दुधाचा वास आला. बायको उठायला लागली.

आईने तिचा पदर धरला.

“जळूं दे दूध,” ती म्हणाली. “त्याचं होऊ दे आधी.”